दातकोरणीची रँक

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणाऱ्या ज्या बाई आहेत ना, त्यांना सगळे दातवाल्या ताई म्हणतात. एकोणीस वर्षं झाली, त्याच खिडकीखाली, त्याच स्टुलावर. डॉक्टरांकडून तोंडाचा ठसा येतो, त्यावरून या मेणाची हिरडी घडवतात, तिच्यात एकेक दात बसवतात, मग वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा जुळतो का ते बघतात. केसभर फरक असला तरी यांच्या बोटांना कळतो. किती माणसांची तोंडं हाताखालून गेली असतील देव जाणे, पण त्यातलं एकही माणूस यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. खरं सांगायचं तर गेली सहा वर्षं ताईंना कशाचंच फारसं काही वाटत नाही. कोणी चेष्टा केली की हसतात, पण ते हसू काढून पेल्यात ठेवता येईल असं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, चार दिवस मशीनवर काढले, आणि पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आता यात काही राहिलं नाही, मशीन चालू ठेवायचं की बंद करायचं ते घरच्यांनी ठरवा. घरचे म्हणजे दोघंच, ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ. ताई तेव्हा कामावर. एक कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची होती, एवढी संपवते आणि येते म्हणून बसल्या. फोन पिशवीत. धाकट्यानं अकरा वेळा फोन केला आणि शेवटी एकट्यानं सही केली. ताई पोचल्या तेव्हा मशीन बंद होतं आणि नर्स नळ्या गुंडाळत होती. बाहेर मामा, मावशी, शेजारी, सगळे उभे होते. सगळ्यांच्या देखत ताई भावाला म्हणाल्या, "तू मारलंस तिला."

एवढंच. आरडाओरडा नाही की रडारड नाही. तो एक शब्द बोलला नाही. महिनाभरात बदली मागून घेतली आणि दुसऱ्या गावी निघून गेला. मामांनी मध्ये पडून पाहिलं, मावशीनं रडून पाहिलं, पण दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. शेवटी नातेवाइकांनीही हात टेकले. ज्याचं त्याला लखलाभ, म्हणाले.

आता या सगळ्यात मोबाईलवरचा खेळ कुठून आला, असं विचाराल. तर लॅबमध्ये तयार कवळ्या डब्यांत भरून पाठवणारी एक बाई आहे, तिला पार्सलवाली म्हणतात. बोलायला लागली की थांबत नाही, पण मनानं भाबडी. ती आणि तिचा नवरा दोघंही एक लढाईचा खेळ खेळायचे. जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे खेळा, म्हणून तिनंच दोन वर्षांपूर्वी तो ताईंच्या फोनमध्ये घातला. टोपणनाव द्या म्हणाली. ताईंनी लिहिलं, ‘दातकोरणी’. कामाला लागल्या तेव्हा धाकटा त्यांना याच नावानं चिडवायचा. का लिहिलं ते त्यांनाच ठाऊक, कदाचित दुसरं काही सुचलं नसेल.

हा खेळ फोनमधले नंबर चाळून तुमच्या ओळखीचं कोण खेळतं ते परस्पर दाखवतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ताईंना एक आमंत्रण आलं. पाठवणाऱ्याचं नाव ‘ढब्बू’. जगात ढब्बू एकच होता आणि ते नाव ठेवणाऱ्या ताईच होत्या, धाकटा चार वर्षांचा असताना. ताई बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या, मग आमंत्रण घेतलं.

तेव्हापासून रोज दीड ते दोन दोघं जोडीनं खेळायची. वीस-पंचवीस मिनिटं. माईक दोघांचाही बंद. लिहायची सोय होती, पण दोन वर्षांत कोणी अक्षर लिहिलं नाही. खेळात काही ठरलेल्या खुणांची बटणं असतात: ‘चल’, ‘थांब’, ‘मागे फिर’, ‘छान’. तेवढ्यावर भागायचं. धाकटा पुढे धावायचा आणि ताई झुडपात अडकायच्या, मग तो परत यायचा आणि ‘चल’ दाबायचा. ताईंनी चुकून एखादा शत्रू टिपला की ‘छान’. ताईंच्या बोटांना साच्याचं प्लास्टर चिकटलेलं असायचं आणि आमंत्रण स्वीकारायचं बटण नेमकं वेळेला दबायचं नाही, म्हणून ढब्बूचं आमंत्रण आपोआप घेतलं जाईल अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. ही अर्धी सुट्टी सोडली तर बाकीचा दिवस ताईंना कसाही गेला तरी चालायचा. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पार्सलवालीलाही नाही.

अडचण आली ती रँकची. या खेळात जिंकत गेलं की पायऱ्या चढतात: लोखंड, तांबं, चांदी, सोनं, हिरा. धाकटा संध्याकाळीही इतरांबरोबर खेळायचा, तो सोन्यावर पोचला. ताई दोन वर्षं तांब्यातच गंजत पडलेल्या. आणि खेळाचा नियम असा की जोडीत दोन पायऱ्यांपेक्षा जास्त अंतर नको. धाकट्याला हिऱ्यावर जायला चार-पाच विजय पुरे होते. तो हिऱ्यावर गेला की दातकोरणी आणि ढब्बू यांची जोडी खेळ लावूनच देणार नव्हता.

पार्सलवालीला ताईंनी हे आडून आडून विचारलं, तर ती म्हणाली, एवढंच ना, रँकशिवायची साधी मॅच असते की, ती खेळा म्हणावं त्याला. बोलणं सोपं आहे हो. पण ते म्हणायला एक वाक्य लागतं, आणि तेच तर दोघांपाशी नव्हतं. ताई म्हणाल्या, बघू.

मग पार्सलवालीनंच दुसरी वाट सांगितली आणि लगेच तिच्यावर काटेही टाकले. पैसे घेऊन रँक चढवून देणारे लोक असतात, बूस्टिंग म्हणतात त्याला. आपलं अकाउंट त्यांना द्यायचं, त्यांचा तरबेज माणूस आपल्या नावानं खेळतो आणि वर नेऊन ठेवतो. तिच्या नवऱ्यानं केलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या लोकांनी पासवर्डच बदलला, परत हवा तर आणखी पैसे टाका म्हणाले. यानं टाकले. अकाउंट परत आलं, आणि आठवड्यात खेळाच्या कंपनीनं कायमचं बंद करून टाकलं, कारण हे नियमात बसत नाही. "अकाउंट जाईल हं ताई," ती म्हणाली. "मग तांबंही नाही आणि सोनंही नाही."

ताईंनी त्यावर चार दिवस विचार केला. घाईत काही करण्याचा त्यांचा स्वभावच नाही. मेण कापायच्या सुरीशेजारी एक ऑर्डरची चिठ्ठी पडलेली असायची, तिच्या मागे त्या काय काय बिघडू शकतं ते लिहायच्या. पासवर्ड चोरीला जाईल. फोनमधलं दुसरं काही हाताला लागेल. कंपनीला कळेल आणि बंदी येईल. पैसे घेऊन माणूस गायब होईल. त्यांनी तीन-चार ठिकाणचे गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचले. एका ठिकाणचे सगळे अभिप्राय एकाच माणसानं बसून लिहिल्यासारखे गोड होते, ते त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी खडसावून लिहिलं होतं की काम झालं, पण दोन दिवस उशीर केला. हे ताईंना खरं वाटलं. तिथे त्यांनी बारा प्रश्न विचारले. पलीकडच्या माणसानं न कंटाळता उत्तरं दिली: आम्ही सगळ्याच मॅच जिंकत नाही, एखाद-दोन मुद्दाम हरतो, म्हणजे संशय येत नाही. कोणाशी बोलत नाही. माईक बंद ठेवतो. तरीही बंदीची शक्यता शून्य आहे असं आम्ही म्हणणार नाही. या शेवटच्या वाक्यावर ताईंचा विश्वास बसला.

तरी त्यांनी काळजी घ्यायची ती घेतलीच. नवा पासवर्ड, जो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. खेळाला जोडलेलं बँकेचं कार्ड काढून टाकलं. ईमेल वेगळा केला. आधी निम्मेच पैसे. पार्सलवाली म्हणाली, तुम्ही बँक का नाही चालवत हो?

शेवटी एक फॉर्म भरायचा होता. सध्याची रँक, हवी असलेली रँक, कामाची वेळ. तळाला एक ओळ होती: ‘नेहमी सोबत खेळणारे मित्र असल्यास लिहा. त्यांच्या वेळेत आम्ही खेळणार नाही.’

या ओळीवर ताई थांबल्या. मित्र? मित्र असे त्यांना कोणी नव्हते. भाऊ आहे, पण भावाला कोणी मित्र म्हणतं का? आणि सहा वर्षं ज्याच्याशी शब्द नाही, त्याचं नाव ‘सोबत’ या रकान्यात लिहायला त्यांचा हात धजेना. लिहिलं की कोणीतरी अनोळखी ते वाचणार, आणि कदाचित विचारणारही. त्यांनी लिहिलं, ‘कोणी नाही’. इतकी केसभर फरक ओळखणारी बाई, पण इथे चावा चुकला तो त्यांच्या बोटांना कळला नाही.

काम दोन दिवसांचं होतं. त्या दोन दुपारी ताई पार्सलवालीसमोर बसून सावकाश जेवल्या. दीड वाजता हात आपोआप फोनकडे जायचा, मग त्या तो मागे घ्यायच्या. धाकटा येईल, आपण दुसऱ्या मॅचमध्ये दिसू, तो आपला एकटा खेळेल, असा त्यांचा हिशेब. दोन दिवसांचा तर प्रश्न. पहिल्या दिवशी झालंही तसंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एका वरच्या जबड्यात पुढचे सहा दात बसवत होत्या, तेव्हा निरोप आला. काम पूर्ण, दातकोरणी आता सोन्यावर, पासवर्ड बदलून घ्या. खाली आणखी काही लिहिलं होतं.

‘एक गोष्ट कळवायला हवी. तुम्ही फॉर्ममध्ये कोणी मित्र नाही असं लिहिलं होतं. पण काल दुपारी ढब्बू नावाच्या खेळाडूचं आमंत्रण आपोआप स्वीकारलं गेलं. ते चांगले खेळतात म्हणून मी पुढे चालू ठेवलं. तिसऱ्या मॅचमध्ये त्यांनी माईक चालू केला. ते तुम्हाला ताई म्हणत होते. खासगी बोलणं वाटलं. नियमाप्रमाणे मी उत्तर दिलं नाही. काम आवडल्यास कृपया पाच तारे द्यावेत.’

ताईंनी हातातला दात मेणावर ठेवला. तो वाकडा बसला. त्यांनी लिहिलं, ते काय म्हणाले? जसंच्या तसं लिहा.

उत्तर यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत ताईंनी दुसरं काहीही केलं नाही.

पलीकडच्या माणसानं आठवेल तेवढं लिहिलं होतं. आधी ते हसले. म्हणाले, आज ताई भलत्याच रंगात आहे. मग म्हणाले, तू माझ्याबरोबर राहायला इतका सराव केलास होय गं, माझ्या लक्षातच आलं नाही. मग म्हणाले, ‘ताई, मी तू येईपर्यंत थांबायला हवं होतं. डॉक्टर घाई करत नव्हते. मलाच तिथे उभं राहवत नव्हतं, म्हणून मी सही केली. सहा वर्षं सांगायचं होतं. तू काही बोलू नकोस. ऐकलं असशील तर नुसतं छान दाब.’

‘मग?’ ताईंनी लिहिलं.

‘त्याच वेळी उजवीकडून तीन शत्रू आले. मी त्यांना वाचवायला मागे फिर दाबलं. ती मॅच आपण जिंकलो. मग ते निघून गेले.’

आता कोणाला वाटेल की ताई रडल्या असतील. नाही रडल्या. तो वाकडा दात काढला, मेण गरम केलं, पुन्हा बसवला. बाराच्या सुमारास कोणीतरी चहा ठेवून गेलं, तो निवून गेला. पार्सलवालीनं विचारलं, काय हो, झालं का सोनं? ताई म्हणाल्या, झालं. अकाउंट शाबूत? शाबूत. पासवर्ड? तोही आहे. मग पेढे... असं काहीसं ती म्हणणार होती, पण ताईंच्या तोंडाकडे बघून गप्प बसली. तिचं गप्प बसणं हीच मोठी गोष्ट.

दीड वाजता ताईंनी खेळ उघडला. दातकोरणीच्या नावाशेजारी सोन्याचा बिल्ला चमकत होता. ढब्बूच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘काल दुपारी आला होता’. दोन वाजेपर्यंत तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि तिथे ‘दोन दिवसांपूर्वी’ झालं. मग तीन. ताई रोज अर्धी सुट्टी त्या ओळीकडे बघत बसायच्या आणि दोनला स्टुलावर परत. सहा वर्षं त्यांना जे काही वाटत नव्हतं, ते अजूनही वाटत नव्हतं. फक्त चौथ्या दिवशी एका कवळीचा चावा त्यांना जुळवता येईना. वरचा जबडा खालच्यावर टेकवला, काढला, टेकवला, काढला. सगळं सारखंच लागत होतं.

तेव्हा त्यांनी पार्सलवालीला सगळं सांगितलं. सपाट आवाजात, एखादी ऑर्डर वाचून दाखवावी तसं. आईचं, सहीचं, त्या वाक्याचं, आणि ‘मागे फिर’चं. पार्सलवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती म्हणाली, "अहो, मग फोन करा ना त्याला. मी नाही असं काही केलं म्हणून सांगा."

"केलंय मीच," ताई म्हणाल्या.

आणि खरंच होतं ते. त्याला सांगायचं म्हणजे हे सांगायचं की तुझ्या ओठांवर जे सहा वर्षांनी आलं, ते मी पैसे देऊन बसवलेल्या माणसाच्या कानात पडलं. न सांगावं, तर तो जन्मभर धरून चालणार की बहिणीनं सगळं ऐकलं आणि मागे फिर म्हणाली. ताईंनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. यात कोणती हलकी, ते ठरवायला चिठ्ठीची गरज नव्हती.

मग ताई जिन्यावर जाऊन उभ्या राहिल्या. नंबर पाठ होता. खूप वेळ घंटी वाजली, मग तो म्हणाला, "बोल."

ताईंनी सांगितलं. सरळ क्रमानं सांगितलं: रँक, हिरा, जोडी तुटणार होती, म्हणून माणूस लावला. त्या दुपारी मी नव्हते. मी डबा खात होते. मागे फिर मी नाही दाबलं.

त्यानं विचारलं, "मग ते ऐकलं कोणी?"

"त्या माणसानं. त्यानं मला लिहून पाठवलं."

"लिहून," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला ते परत नाही सांगता यायचं, ताई. ते एकदाच जमलं होतं."

"नको सांगूस. मी सांगते ते ऐक." ताईंनी कठडा धरला. त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही, पण तो कुठून तरी खोलातून ओढून काढावा लागत होता. "तू अकरा वेळा फोन केलास. मी कवळी संपवत होते. मला कळत होतं फोन वाजतोय. पिशवीतून आवाज येत होता. मला यायचंच नव्हतं. मला ते बघायचं नव्हतं, म्हणून मी तुझ्यावर ढकललं, आणि वर सगळ्यांसमोर तुलाच बोलले. तू काही केलं नाहीस. जे मला करता आलं नाही ते तू केलंस."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी पिठाची गोणी ओढावी तशी प्लास्टरची गोणी ओढत होतं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "हे तूच बोलतेयस ना?"

"मीच," ताई म्हणाल्या. "मीच आहे रे."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याला पटलं की नाही, ते त्याच्या श्वासावरून कळेना, आणि त्यानं फोनही ठेवला नाही. ताई तशाच जिन्यात, कानाला फोन लावून, उभ्या राहिल्या.